दोघांचा लपंडाव

लेक : माझ्या पोरीचं घड्याळ तुमच्या खिशात कसं आलं, तेवढं सांगा बाबा. बाकी काही नको.

बाबा : मीच काढून घेतलं. सारखं टुणटुण वाजतं ते. लपलेली पोर लगेच सापडते. असला लपंडाव म्हणजे रडीचा डाव की गं.

लेक : त्या घड्याळामुळे ती कुठे आहे ते मला फोनवर दिसतं, म्हणून तर बँकेत बसवतं मला! आज ठिपका बाकावरून हलेचना. तुम्हाला फोन करावा, तर तुमचा फोन घरात. काउंटरवरची रांग तशीच टाकून धावत आले मी.

बाबा : चुकलंच माझं. पण पहिल्यांदाच खेळत होती गं. म्हटलं, राज्य माझ्यावर, तर विचारते कशी, ‘मग राणी कोण?’ इतकं साधं ठाऊक नाही पोरीला.

लेक : आणि मी तिच्या नावानं ओरडत इमारतीभोवती फिरत होते. घसा बसला. ती ऐकत होती बाबा. पंपाच्या खोलीत, उघड्या टाकीच्या काठाला बसून सगळं ऐकत होती. पण ओ दिली नाही. का नाही दिली, विचारा.

बाबा : माहीत आहे. मीच सांगितलं होतं. कुणीही हाक मारू दे, अगदी आईच्या आवाजात मारू दे, बाहेर यायचं नाही. फसवतात. तुलाही हेच शिकवलं होतं मी.

लेक : शेवटी मी दार ढकललं, तर म्हणते, ‘राज्य आजोबांवर आहे, तू कशी आलीस?’

बाबा : हसलीस ना?

लेक : हसू? तिथंच फरशीवर बसून रडले.

बाबा : तिच्याएवढी होतीस तेव्हा अंधार पडेपर्यंत तुझा घरात पाय ठरायचा नाही. मी एकदाही शोधायला आलो नाही.

लेक : तुम्हाला यावंच लागायचं नाही. कोपऱ्यावरचा शिंपी मशीनवरून मान न उचलता सांगायचा, तुमची आत्ताच खाली पळाली म्हणून. पायरीपायरीवर कुणी ना कुणी बसलेलं असायचं. आज तळमजल्याच्या सगळ्या बेल वाजवल्या मी. आत टीव्ही चालू. एकानंही दार उघडलं नाही.

बाबा : म्हणून पोरांनी खेळायचंच नाही?

लेक : कुणाशी खेळायचं? आज कोण होतं खाली?

बाबा : कुणीच नाही. आम्ही दोघंच. एक बाई बाळाला घेऊन उभी होती, तिला म्हटलं, येता का खेळायला? ती कसनुसं हसली आणि निघून गेली. मग काय, एकदा मी, एकदा ती. गुडघे बोलायला लागले माझे, म्हणून शेवटी बाकावरच टेकलो. पण टाळ्या काय पिटत होती गं ती!

लेक : उद्यापासून ती शाळेतून परस्पर पाळणाघरात जाईल. मी बोलून ठेवलंय.

बाबा : असं नको करूस. दिवसभर मी तिच्या बसची वाट बघत बसतो. दुसरं आहे काय मला? हात जोडतो तुझ्यापुढे.

लेक : हात कसले जोडता बाबा! मला काय हौस आहे? पण डोळे मिटले की ती टाकी दिसते.

बाबा : मला उघड्या डोळ्यांनीही दिसते.

लेक : मग घरात ठेवाल? आतून कडी लावून? शब्द द्या, नाही पाठवत पाळणाघरात.

बाबा : दिला.

(नात ओले हात फ्रॉकला पुसत आतल्या खोलीतून येते.)

नात : आजोबा, आई एवढी ओरडली तरी मी हललेसुद्धा नाही! मीच जिंकले ना? उद्या कुठे लपू?

बाबा : घरातच लप, बाळा. मला बसल्या जागेवरून दिसशील अशी लप.