दुसऱ्या झाडाची साल

(सूर्यमाळचा एक पाडा, २००४. मुंबईच्या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारी हर्षाली आत्याच्या ओट्यावर. दुपार.)

हर्षाली : दिवाळीत तू दिलेल्या सालीनं काम केलं. नंतर कंपनीच्या जीपनं आलेल्या सालीनं काहीच नाही. साहेब म्हणतात, आधीचे आकडे मी मनानंच लिहिले. सोमवारी सगळ्यांसमोर जाब द्यायचाय. खरं सांग सुकीआत्या, साल तीच होती ना?

सुकी : पाणी पी आधी. घाट चढून आलीस.

हर्षाली : आत्या!

सुकी : नव्हती.

हर्षाली : काय?

सुकी : मी तुझी वाट बघत व्हते. आली जीप. चार बापे, कुऱ्हाडी न् सहा रिकामी पोती. पोरी, भाजल्याच्या डागाला साल लागते किती? चार बोटं. तीबी झाडाच्या एकाच अंगाची, न् पुढल्या वर्षी त्या झाडाला शिवायचं नाय. मंग मी त्यांना ते झाड सोडून बांधावरचा ऐन दाखवला.

हर्षाली : मुद्दाम?

सुकी : मुद्दाम. चहूकडून सोलला त्यांनी. उभा वाळला. माझ्या बापानं राखलेला ऐन. मला काय बरं वाटलं असंल?

हर्षाली : चूक माझी. पाड्याचं नाव, तुझं नाव, सगळं मीच कागदावर लिहून दिलं. स्वतः यायला हवं होतं.

सुकी : हवंच व्हतं.

हर्षाली : तुझ्या सालीत गुण आहे गं. काचेच्या ताटलीत आम्ही माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवतो. काळा रंग बनवायचा हुकूम त्यांना आतून, जनुकांतून सुटतो. सालीच्या अर्कानं तो हुकूम मंदावला. तीनदा बघितलं मी.

सुकी : म्हंजे गोरं करायचं मलम?

हर्षाली : कंपनीला तेच हवंय. मी भाजल्याच्या डागाचं मागतेय.

सुकी : तेच माग. आपल्या रंगाला काय धाड भरलीय?

हर्षाली : मागणारच! पण आधी मी खोटी नाही, हे दाखवू दे.

सुकी : न् आता किती पोती?

हर्षाली : बोटभर तुकडा. त्यातलं नेमकं द्रव्य सापडलं, की ते बनवायची विद्या ताडी आंबवतात तसल्या बारीक जीवांच्या जनुकांत घालता येते. मग तेच बनवत राहतील. वर्षं लागतील, पण झाडाला हात लावायला नको.

सुकी : साहेबानं इचारलं, झाड कुठं हाय, तर?

हर्षाली : नाही सांगणार.

सुकी : नोकरीवरनं काढतील.

हर्षाली : काढू देत. मला ठाऊकच नाही म्हणेन.

सुकी : तुला खोटं बोलता येत नाय. लगेच तोंडावर दिसतं.

हर्षाली : मग काय करू?

सुकी : इथंच बस. मी एकटी जाऊन आणते.