जावयाच्या ताटातल्या नांग्या

शुक्रवार पेठेतल्या दातांच्या दवाखान्यात ईरम्मा दुखरा गाल धरून बसली होती. शेजारी वैरागच्या बजाबाई आणि त्यांचा नवा जावई.

“जावईबापू, खरं सांगा. खेकड्याची नांगी दातानं फोडली व्हय?”

“हो मामी.”

“अवो, वरवंटा ठिवला हुता की ताटाशेजारी!”

“मला वाटलं, मसाला वाटून तसाच राहिला.”

“आन् टरफलं? ताटात तर एक दिसलं न्हाय.”

“खाल्ली.”

“खाल्ली?”

“आमच्या घरात कुणी खेकडा बघितलेला नाही, मामी. टाकायचं काय, मला काय ठाऊक? पिंकी एवढंच म्हणाली, आईनं वाढलेलं ताटात टाकलं की आई रुसती.”

“अगं बया! मी म्हणलं, पोराला लई आवडलं. म्हणून माझ्या वाटणीच्या नांग्यापण तुमालाच वाढल्या.”

“त्यातल्याच एकीनं दात गेला.”

“मग तवाच बोलायचं की!”

“तोंड भरलेलं होतं.”

ईरम्मानं पदर तोंडाला लावला. दाढ हसू देईना.

“नंदीश कोण?” आतून हाक आली.

“जावा, भिऊ नका. आन् हे बघा, रातच्याला मटण हाय. हाडं तेवढी ताटात ठिवा.”