मठाची वाट आणि अडून बसलेली जीप

नाही हो, बॅटरी नाही. बॅटरीचं तेवढं नाव काढू नका, सकाळपासून ऐकून ऐकून कान किटले माझे. बॅटरी गेली असती तर गाडी मुकी बसली असती, ही कुठे मुकी, किल्ली फिरवली की घुर्र घुर्र करते, अंग हलवते, खोकते, आता उठते की मग उठते असं वाटायला लावते... आणि मग गप्प. फिरते, पण सुरू होत नाही. सरका जरा, चुलीपाशी टेकते. आज आमच्या कुळाच्या संताचा, संत दिमित्रियेंचा दिवस, घरी ओसरी पाहुण्यांनी भरून गेली असेल, आणि घरधनीण कुठे, तर डोंगरावरच्या मठाच्या स्वयंपाकघरात, चिखलाचे बूट उतरवून, तुमच्यापुढे रडगाणं गात.

तुम्हाला सांगते, याची सुरुवात नवसापासून आहे. गेल्या थंडीत आमच्या वुकाशिनचं हृदय बंद पडता पडता राहिलं. माझा नवरा देवळाची पायरी चढला तो लग्नातच, नंतर मी आत आणि तो बाहेर गाडीपाशी. तर ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी हात जोडले, म्हटलं, संत दिमित्रिये, याला उठवा, तुमच्या दिवसाचा कोलाच, तो सणाचा गोल पाव, या वर्षी गावात नाही, वर मठात कापू, आणि मला तिथवर हाच आणेल, स्वतः गाडी चालवत. आता नवस बोलताना माणूस विचार करतो का, की मठाच्या वाटेत ओढा आहे, ओढ्यात कलिंगडाएवढे धोंडे आहेत, आणि तो ओलांडणारी सगळ्या गावात एकच गाडी आहे, आमची, सैन्यानं मोडीत काढलेली जीप, माझ्या थोरल्या लेकीपेक्षा वयानं मोठी आणि तिच्याहून हट्टी?

संतांनी ऐकलं. नवरा उठला. गाडी उठेना.

बरं, इथले मठाचे इसाया बाबा दुपारी खालच्या खोऱ्यात जाणार, त्याआधी कोलाच कापून झाला तर नवस फिटला, नाहीतर पुढच्या वर्षापर्यंत डोक्यावर. म्हणून मी उजाडताच तयार. टोपलीत कोलाच, वर कणकेची पाखरं, द्राक्षांचे घोस, मधे क्रूस, असा फुगला होता की नजर लागावी. शिजवलेल्या गव्हाचा वाडगा, मेणबत्ती, तांबड्या वाइनची बाटली. वुकाशिननं तेल बघायला बॉनेट उघडलं होतं. मी घरावर तीर्थ शिंपडत होते, पाद्री सणाआधी येऊन पाणी मंत्रून देतो ना, ते. त्यातच कोलाच मळायचा आणि उरलेलं घरादारावर, सासूबाईंची रीत. सब्ज्याची वाळकी जुडी बुडवली, उंबऱ्यावर चार थेंब, गोठ्यात चार थेंब, कोंबड्यांवर चार थेंब, आणि एवढ्या चढाची वाट, तिलाही नको का, म्हणून उघड्या इंजिनावर चार थेंब. वुकाशिन तेव्हा फडका शोधायला आत गेला होता.

आला, बसला, किल्ली फिरवली. घुर्र घुर्र घुर्र. फिरते, पण सुरू होत नाही.

"बाई, काल चालत होती," वुकाशिन म्हणाला, जणू मी तिला काही बोलले होते.

तेवढ्यात तिहोमिर आला. तिहोमिर म्हणजे आमच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, आमचा कूम, सख्ख्या भावाच्या वर, आणि मी त्याची कुमा. आणि संताच्या दिवशी दारात आलेला माणूस पाहुणा, त्याला बोलावणं लागत नाही आणि परत लावायचं तर नसतंच. मग तो गाडी बघायला आलेला असला तरी आधी चमचाभर मुरांबा, पेलाभर पाणी, मग कॉफी, मग राकियाचा, घरच्या दारूचा, एक पेला संतासाठी, एक घरधन्यासाठी. तोवर माझा कोलाच टोपलीत आणि माझे डोळे घड्याळात. मग कूम उठला, इंजिनात डोकावला, मिशीवरून हात फिरवला.

"शेडचं दार रात्री उघडं होतं का?"

"होतं."

"वारा लागलाय तिला."

"गाडीला?"

"कुमा, दोन दारं समोरासमोर उघडी ठेवून झोपलं की माणसाची मान धरते, लोखंडाचं काय घेऊन बसलीस?"

कुमाचं म्हणणं खोडायचं नसतं. वुकाशिननं शेडचं दार लावून घेतलं. जीप बाहेर अंगणात, दार शेडचं, पण लावलं. मी हळूच गेले, जुडी बुडवली, वारा लागलाच असेल तर उतरू दे म्हणून चार थेंब. घुर्र घुर्र. फिरते, पण सुरू होत नाही.

मग कुंपणावरून ओब्राद शेजारी. आयुष्यभर बस चालवली, आता खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या ऐकतो. आत येता येताच त्याचा निकाल: "पेट्रोल नाही पोचत. आवाजावरून सांगतो."

"कालच भरलंय," वुकाशिन म्हणाला.

"आजकालच्या पेट्रोलला पेट्रोल म्हणतात का. आमच्या वेळी नुसत्या वासावर बस डोंगर चढायची."

"म्हणून तर तुझी बस दर शनिवारी आमच्या दारात ढकलायला यायची," तिहोमिर म्हणाला.

झालं, ओब्राद रुसला. पाहुणा रुसून चालत नाही. पुन्हा मुरांबा, पुन्हा पाणी, पुन्हा कॉफी, पुन्हा संतासाठी एक. मग त्यानं नळी ओढली, पेट्रोल भसकन त्याच्या सणाच्या सदऱ्यावर. म्हणजे पोचत होतं. मग म्हणे जास्त पोचतंय, इंजिन पेट्रोलनं बुडलंय, थोडा वेळ थांबू या. थांबायचं म्हणजे काय, पुन्हा राकिया. मी मात्र देवाची माणूस, हातावर हात ठेवून कशी बसू, गेले, या वेळी जुडी चांगली भिजवली, चार थेंब इकडे, चार तिकडे, आणि एक ते काळ्या टोपीसारखं असतं ना, ज्यातून वायरी फुटतात खेकड्याच्या पायांसारख्या, त्याच्यावर जरा जास्त, कारण तेच मला सगळ्यांत बिचारं वाटलं.

घुर्र. घुर्र. घु...र्र. आता तर बॅटरीही दमली. म्हणून म्हटलं, बॅटरीचं नाव काढू नका. ओब्रादच्या गाडीला वायरी जोडून तिला पुन्हा जाग आणली.

खरं सांगते, तेव्हा माझा धीर सुटला. कोलाचावरच्या पाखरांकडे बघत बसले. वुकाशिननं ते पाहिलं. इतका वेळ तो दोघांच्या मधे नुसता उभा होता, छातीवर हात, डॉक्टरांनी चिडायचं नाही म्हणून बजावलेलं. तो म्हणाला, "दोघंही बाजूला व्हा. पेट्रोल आहे. आता ठिणगी बघू." एक प्लग उघडला, वायरीला लावला, लोखंडाला टेकवला. "ओब्राद, सेल्फ मार." ठिणगी नाही. मग त्यानं त्या काळ्या टोपीचे दोन चाप सोडले, टोपी उचलली, उलटी केली.

टपटप पाणी.

"रात्री पाऊस पडला?" तिहोमिरनं विचारलं.

"आठवडाभर नाही."

वुकाशिननं टोपीच्या कडेवरून बोटानं काहीतरी उचललं, उजेडात धरलं, हुंगलं. सब्ज्याचं पान. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात जुडी, जुडीतून अजून गळतंय.

तिहोमिर वाकून म्हणाला, "वुकाशिन, तुझ्या इंजिनात सूप मुरतंय. मीठ घातलंस का, कुमा?"

मी म्हटलं, तीर्थानं कधी कुणाचं वाईट झालंय का? वुकाशिननं एवढंच म्हटलं, "तुझा ओव्हन गरम आहे ना?" मी टोपी फडक्यानं पुसली, कोलाच भाजला त्याच ओव्हनमध्ये, दार अर्धं उघडं ठेवून, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या सारम्यांच्या पातेल्याशेजारी ठेवली. वाळली. बसवली. किल्ली. एकदाच घुर्र, आणि पेटली, सगळं अंगण धुरानं भरलं, कोंबड्या पळाल्या, मला रडू आलं.

आलो कसे ते विचारू नका. टोपली मांडीवर, ओढ्यात एक चाक हवेत, मी डोळे मिटून, तो शिट्टी वाजवत. इसाया बाबा निघायच्या बेतात होते, आम्हाला पाहून थांबले. आणि बघा, कोलाच बाबांनी आणि घरधन्यानं मिळून हातांवर फिरवायचा असतो, मग क्रूसासारखा कापून वाइन ओतायची. माझा नवरा, जो पायरी चढत नव्हता, त्याच्या हातांवर कोलाच फिरत होता आणि फिरवून झालं तरी त्याची बोटं तो सोडेनात. मला म्हणाला, गाडीच्या स्टिअरिंगनं हात भरून आलेत. मी म्हटलं, हो, स्टिअरिंगनंच. नवस फिटला. मी तेवढ्यावरच तृप्त होते, घरी जायला मोकळी.

पण निघताना बाबा पोचवायला बाहेर आले. चढ चढून आलेली म्हणून वुकाशिननं इंजिन गार करायला बॉनेट उघडं टाकलेलं. बाबा म्हणाले, "एवढ्या म्हातारीनं तुम्हाला इथवर आणलं, हिलाही आशीर्वाद नको का?" आणि मागून एक जण बादली घेऊन आला. बादली, बरं का. आणि जुडी म्हणजे केरसुणीएवढी. मी वुकाशिनकडे पाहिलं, आता हा ओरडतो की काय. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, मान खाली घातली, आणि उभा राहिला. आशीर्वादाला कुणी नको म्हणतं का?

मग काय, फिरते, पण सुरू होत नाही.

ती बघा, ती काळी टोपी, तिथे चुलीच्या कडेला, वुकाशिन तिच्यावर डोळा ठेवून बसलाय. घरी तिहोमिरनं पाहुण्यांना सारम्या वाढल्या असतील, माझ्या नावानं हसले असतील, हसू देत. टोपी वाळत आलीच होती. आत्ताच, खोऱ्यात निघण्याआधी, इसाया बाबा येऊन गेले, फार मायेनं विचारपूस केली, आणि जाता जाता तिच्यावर चार थेंब शिंपडून गेले, लवकर वाळावी म्हणून.