कंस उघडला, पण कोणी?

...आणि वर मलाच म्हणतो, "अगं आई, तयार मिळतं ना, ते घे!" तयार! तुम्हाला सांगते, मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे म्हणून आईने काही शिकूच नये का? पासष्टीत पुस्तकं उघडून बसले, रस्ट नावाची प्रोग्राम लिहायची भाषा शिकले, कुणाच्या दारात गेले नाही. आणि काम तरी केवढं? सुनेचा दातांचा दवाखाना. पेशंटना आठवणीचं पत्र जातं. मजकुरात महिरपी कंस, एकात 'नाव', एकात 'तारीख'. माझ्या मॅक्रोने, म्हणजे प्रोग्राम बनताना चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, मजकूर वाचायचा, कंस हुडकायचे, आत खरं नाव बसेल अशी सोय करायची. आणि कंस अर्धवट राहिला, तर प्रोग्राम बनतानाच ओरडायचं. एवढंच तर करायचं होतं!

चिरंजीवांनी मुदत घातली: "सोमवारी दवाखाना उघडेपर्यंत चाललं तर तुझं, नाहीतर मी तयार बसवतो." बसवतो म्हणे!

इंग्रजी मजकूर घातला, पहिल्या फटक्यात पास. मराठी घातला... धाडकन आडवा! रस्टची तक्रार काय, तर "अक्षराच्या मधोमध कापताय." अरे, मी कशाला कापू? दोन दिवस डोकं खाल्लं, तेव्हा उजेड पडला. मी मोजत होते अक्षरं आणि ते मोजत होतं बाइट, म्हणजे अक्षर साठवायला लागणारे कॉम्प्युटरचे कप्पे! इंग्रजी अक्षराला एक बाइट, आपल्याकडे न काय, काना काय, प्रत्येकाला तीन-तीन! मी कंस समजून सुरी चालवायची, ती जाऊन बसायची भलत्याच अक्षराच्या पोटात. मग मोजणी बदलली, अक्षरामागे त्याचे बाइट धरून पुढे सरकायचं. एवढंच तर करायचं होतं!

सोमवारी मुलाने मुद्दाम एक कंस उघडा ठेवला. मॅक्रो ठणकावून म्हणाला, "तिसऱ्या ओळीतला कंस बंद करा," आणि प्रोग्राम बनवायलाच नकार! सून म्हणाली, "आई, तुमचंच ठेवू या." जिंकले हो मी!

तासाभराने सुनेचा फोन. "आई, 'तपासणी' काढून 'भेट' घालायचंय." घाल की! "पण मजकूर प्रोग्राममध्येच बांधलाय ना, प्रोग्राम पुन्हा बनवावा लागेल, आणि ते तुम्हालाच येतं..." दुपारी पुन्हा, "आई, एक स्वल्पविराम..." एवढंच तर करायचं होतं! मुलगा दारातून म्हणाला, "तयारमध्ये मजकूर कुणीही बदलतं, म्हणून तयार घे म्हणत होतो." त्याला झणझणीत उत्तर देणार होते, पण काय करता... फोन वाजत होता, आणि रोजच्या बदलांसाठी दवाखान्यात माझी खुर्ची मांडून झाली होती.