पाठवणारा कोण? मीच!

...नाही, पण मला सांगा, माणसाने स्वतःलाच धमकी कशी द्यायची? तुम्हाला सांगतो, कुलपं आणि बिजागऱ्या विकण्यात माझी तीस वर्षं गेली, गिऱ्हाइकाचा चेहरा बघून सांगतो, याची चावी हरवलीय की याला बायकोने घराबाहेर काढलंय. पण गेल्या महिन्यात एका सकाळी दुकानातला कॉम्प्युटर उघडला आणि समोर ईमेल... "तू काय केलंस ते मला ठाऊक आहे. तुझ्या कॅमेऱ्यातून सगळं टिपलंय. दोन दिवसांत पैसे पाठव, नाहीतर तुझ्या ओळखीच्या प्रत्येकाला कळेल." आणि पाठवणारा कोण? मीच! माझं नाव, माझा पत्ता, एका टिंबाचाही फरक नाही!

आता दुसरा कोणी असता तर त्याला काहीतरी चावट आठवलं असतं. मला काय आठवावं? कोपऱ्यावरचं दुकान! म्हणजे हेच, माझं. बावीस वर्षांपूर्वी इथला म्हातारा मालक मला म्हणाला होता, "तुझ्या त्या रंगवाल्या मित्राला निरोप दे, जागा त्यालाच देतोय, उद्या येऊन भेट म्हणावं." मी निरोप दिला का? नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन भेटलं कोण? मीच! आणि रंगवाला बिचारा अजून मागच्या गल्लीत रंगाचे डबे मांडून बसलाय, जिथे भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो, आणि वर मलाच म्हणतो, "तुझं नशीब चांगलं रे!"

म्हटलं, चोराने सांगण्याआधी आपणच सांगून टाकावं. तोंडाने? छे हो, तेवढी छाती असती तर बावीस वर्षं थांबलो असतो का? वीस पावलांवर त्याचं दुकान, आणि मी त्याला ईमेल लिहिला! मालक, निरोप, जागा, सगळं ओकून टाकलं. ईमेल जातोय न जातोय तोच पुतणी आली, दुकानाची बिलं तीच करते. तिने धमकी वाचली आणि खो खो हसत सुटली. "काका, या डबड्याला कॅमेरा आहे तरी कुठे? पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो ना, तसंच हे! हजारो लोकांना हाच मजकूर गेला असेल. पुसा आणि पासवर्ड बदला." पुसा म्हणे! चोराचा पुसला, पण माझा कसा पुसू?

तेवढ्यात दारात रंगवाला. चेहरा पांढराफटक. "हे... तू लिहिलंस?"

तुम्हाला सांगतो, 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? पण ही जीभ! "मी? छे रे! कुणीतरी माझ्या पत्त्यावरून... हे बघ, मलासुद्धा आलाय!" पुतणी माझ्याकडे बघतच राहिली. रंगवाला स्टुलावर टेकला, म्हणाला, "वाटलंच मला. तू असा नाहीस." ...अहो, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं!

घरी बायकोला सगळं सांगितलं, तर म्हणाली, "अहो, आयुष्यात एकदा खरं बोललात, तेही चोराच्या नावावर घातलंत?" चार दिवस टाळलं. शेवटी गेलो त्या मागच्या गल्लीत, त्या दिव्याखाली उभा राहिलो आणि म्हणालो, "ते लिहिणारा... मीच."

रंगवाला डब्याचं झाकण ठोकून बसवत होता. बसलं तरी ठोकतच राहिला. मग म्हणाला, "नाही. ते चोराचंच. चोराला मी हव्या तेवढ्या शिव्या देऊ शकतो. तुझ्याकडे मला रोज चहाला यायचंय."

तेव्हापासून येतो. रोज. समोर बसतो, एक घोट घेतो आणि त्या चोराला अशा एकेक शिव्या घालतो, अशा घालतो... मी आपला मान डोलावतो. त्याला पुढची सुचली नाही की मी सुचवतो. शेवटी चोराला माझ्याइतकं जवळून ओळखतं कोण?