खिंडीतली मोळीवाली

शेंगा फोडा, तोंडात टाकू नका. अन् ऐका. मधी कुणी "मंग? मंग?" केलं तर मी उठून जाईन.

आपला शेजारचा दौलू. तवा पंचविशीतला. त्याची बायको हौसा बाळंत झाली अन् दुपारीच गेली. सांजला तिला जाळून आला. रडला न्हाई. घरात तान्ही पोर दुधासाठी वरडत हुती, चाटवलेलं मध-पाणी बाहेर टाकत हुती. मीच म्हणलं, "दौलू, सकाळपतोर दूध न्हाई मिळालं तर ही बी जाईल." उठला. खिंडीपल्याडच्या धनगरवाड्यावर गेला, दुभती शेळी मागून घेतली अन् अंधारातच परत निघाला. थंडी अशी, की बोटं आपली हायत का दुसऱ्याची कळंना. अमावास्या असंल, नसंल. त्याला काय त्याचं!

ओढ्याकाठी एक बाई. पुढ्यात लाकडाची मोळी. "दादा, हात लावता का जरा?"

आता बघा, जड मोळी एकट्या बाईला डोक्यावर घेता येत न्हाई. वाटंनं जाणाऱ्यानं हात लावायचाच. वैरी असला तरी लावायचा. ही आपली रीत. पर रातच्याला, त्या ओढ्याला? तिला बघून माणसं पळायची! कुणी दगड मारायचं, कुणी शिव्या घालायचं. दौलूनं शेळीचं दावं मनगटाला गुंडाळलं, मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली. "सावकाश जा, बाई." अन् निघाला.

वळणावर हीच बाई! हीच मोळी! मागं ऱ्हायलेली बाई म्होरं आली कशी? "दादा, हात लावता का?" लाकडं ओली, जड झालेली. शेळी थरथराय लागली. ह्यानं हात लावला.

चढावर पुन्यांदा तीच. आता मोळीतनं लांब केस लोंबत हुते. बाईची पावलं उलटी, टाचा म्होरं! दौलूनं बघितलं. भ्याला का? न्हाई. भ्यायला बी आत काय तरी जागं असाय लागतं. ह्याचं आतलं समदं बधिर. मोळी उचलताना गुडघं वाकलं, तरी वर दिली. का? मी इचारलं हुतं नंतर. म्हणला, "काकी, ती म्हणली हात लाव, म्हणून लावला." एवढंच! येडं म्हणा, काय बी म्हणा.

खिंडीत पोचला. बाई दगडावर बसलेली. मोळी न्हाई. "दमलास, दादा. बस की."

बसला! अन् काय सांगू, लई बरं वाटलं त्याला. थंडी गेली. हौसा आठवंना. पोर आठवंना. मनगटावरचं दावं सुटलं. डोळं मिटाय लागलं. त्या खिंडीत अशीच बसलेली माणसं सकाळी लाकडागत मिळायची, बाबांनो. भिऊन, पळून, दमून बसलेली.

तवर बाई म्हणली, "ऊठ."

"तूच बस म्हणलीस न्हवं?"

"समद्यांस्नी म्हणते. मी मोळीखाली मेले हितं. माणसं शेजारनं गेली, हात कुणी लावला न्हाई. तू लावलास." अन् तिनं हात पुढं केला. बर्फागत गार! ओढून उभा केला त्याला, दावं हातात दिलं. "जा. मागं बघू नगंस."

दिस उगवताना घरी आला. मी दूध काढलं, पाणी घालून ऊन केलं, कापसाच्या बोळ्यानं पोरीच्या तोंडात पिळलं. पोरीनं चोखलं! तवा दौलू उंबऱ्यावर बसून रडला. असा रडला, की शेळी बी वरडाय लागली. मला लई बरं वाटलं बघा, तो रडला म्हणून.

तर हात लावा रं कुणालाबी. दिसा लावा, रातच्याला लावा, वळख नसली तरी लावा. पर त्या खिंडीच्या वाटंनं जाऊ नका. तिथं बसायला लई बरं वाटतं. अन् ती दर बारी उठवंलच, असं न्हाई.