बत्तीस पिशव्या, एकच फोटो

—नाई, तसं नाई भाऊ, लॅपटॉप उघडाच तुम्ही! नागपूरवरून आलापल्लीले आले, तर दुकानातल्या मालाची माहिती भरूनच जा. सॉफ्टवेअर पायजेच मले. तुमच्या आधी तिघं येऊन गेले. पह्यल्याचं सॉफ्टवेअर मालाचा साइज लिहिल्याबिगर पुढं सरकतच नोहतं — आता हिरड्याच्या भुकटीचा साइज काय लिहू, मीडियम? दुसऱ्याचं आठ भाषा बोले, पन आमचं गिऱ्हाईक माडिया बोलते, ते त्यात नाई. तिसरा चांगला होता. त्यानंच घात केला. म्हने, लटारूभाऊ, कॅटलॉगमंधी समदे फोटो एकसारखे दिसले पायजे. मंग मी काढले न एकसारखे! हे पाहा — पांढरी पिशवी, निळी सुतळी, आत मातकट भुकटी. बत्तीस पिशव्या. कोनती कायची? — अजी तेच तर तुमाले विचारून राह्यलो!

आधी? आधी पिशव्यांले चिंध्या होत्या, सुगंधानं बांधलेल्या. सुगंधा म्हंजे माही बायको. लाल चिंधीले एक गाठ म्हंजे हिरडा, दोन गाठी म्हंजे बेहडा, हिरवी म्हंजे शिकेकाई — लाइट नसली तरी हातानं चाचपून काढे. मी समद्या कापल्या. फोटोत गबाळं दिसे न! मंग पुनमबाईले आवळा म्हनून शिकेकाई देल्ली मी, तिनं सरबतात टाकली — जावयाच्या तोंडाले फेस! गुणवंतरावाले खोकल्याचं म्हनून हिरडा देल्ला, तर त्यायची तालुक्याची मीटिंग संडासात झाली. हासू नका!

ती? ती कुरखेड्याले, माहेरी. भाच्याचं लगन हाय. — काऊन, पंधरा दिवस लगन नसते का? ...बरं, लगन नाई. मीच म्हनलो होतो तिले, गिऱ्हाइकासमोर — तुह्या चिंध्या चुलीत टाक, कॅटलॉगमंधी लाज जाते. तिनं एका पिशवीवरून हात फिरवला, अन् दुपारच्या एसटीनं गेली. मी रोज एक एक पिशवी हुंगून पायतो, पन नुसत्या शिंका येते. घर खायाले धावते भाऊ, खरं सांगतो.

हं, भरा. मालकाचं नाव? सुगंधाबाई लिहा. मोबाइल? तिचाच. — काय म्हनता, ओटीपीचा आकडा तिच्या फोनवर जाईन? जाऊ द्या! म्हंजे तो विचाराले मले फोन लावाच लागन. कामाचा फोन होये, त्यात कायचा कमीपना? किती मिनिटं चालते तो आकडा? दहा? थांबा — घंटी जाऊन राह्यली... हॅलो. मी बोलतो. तो कंपनीचा आकडा आला असन, तो... हो, सांग... नाई, थांब. राहू दे व सुगंधा, तो आकडा. माहीच अक्कल चराले गेली होती... जेवली का तू?

...भाऊ, तुम्ही काऊन कान देऊन राह्यले? मिटा तो लॅपटॉप. निंगा!